झाडें छाटणारी गाडी

आजच्या भाषणाचा विषय कांहीं जणांस किरकोळ वाटेल. शहरांत रस्त्यांच्या कडेला जीं झाडें उभीं आहेत, त्यांच्या फांद्या तोडावयास जी उंच हाताची गाडी येते, तिच्याविषयीं मी बोलणार आहें. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हें आणि यंत्रांचा जाणकारहि नव्हें. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील प्राथमिक शाळांत मुलांना शिकविण्यांत माझी नोकरी सरली. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं एक प्रसंग डोळ्यांसमोर घडला, आणि तेव्हांपासून ही गाडी माझ्या मनांतून गेली नाहीं.

2022 सालचा मे महिना होता. मी माझ्या मुलीकडे शहरांत राहावयास गेलों होतों. शहराचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. असा प्रसंग कोणत्याहि शहरांत घडूं शकतो. मृग पंधरा दिवसांवर आला, म्हणजे सगळीकडे रस्त्यांवरच्या झाडांची छाटणी सुरू होते. एके दिवशीं सकाळीं मुलीच्या घरासमोर एक जुनी, जागोजाग गंजलेली गाडी येऊन उभी राहिली. तिनें आपले चार लोखंडी पाय जमिनीवर टेकले, पाठीवर दुमडून ठेवलेला हात उलगडला, आणि त्या हाताच्या टोकाशीं असलेल्या पाळण्यांतून एक मनुष्य पर्जन्यवृक्षाच्या फांद्यांत शिरला. वीस मिनिटें करवतीचा आवाज चालला होता. मग गाडीच्या पोटांत मोठा खडखडाट झाला, इंजिन बंद पडलें, आणि तो मनुष्य दोन मजल्यांच्या उंचीवर तसाच अडकून राहिला. अशा वेळीं खालून हातपंप मारून पाळणा उतरवितां येतो. पण हातपंपाचा दांडाच गाडींत नव्हता. कोणी फोन करूं लागले, कोणी शिडी शोधूं लागले. अर्धा तास गेला. शेवटीं त्या मनुष्यानें जवळचा दोर एका जाड फांदीस गुंडाळला, पाळण्यांतून फांदीवर पाय टाकला आणि दोराच्या आधारानें बुंध्यावरून खालीं उतरला. उतरण्याची ती ढब मला ओळखीची वाटली. जवळ जाऊन पाहतों, तों तो माझाच मुरबाडकडील एक जुना विद्यार्थी! मला पाहून तो हंसला आणि म्हणाला, “गुरुजी, वर जायाला गाडी लागते, खालीं यायाला दोर बरा.”

ही विद्या त्यास मीं शिकविलेली नव्हती. ती राबाची विद्या होय. शहरांतील श्रोत्यांसाठीं थोडा खुलासा करतों. आमच्याकडे भाताचें रोप टाकण्यापूर्वीं त्या जागेवर डहाळ्या, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर पसरतात, वर माती टाकतात, आणि उन्हाळ्यांत तें सर्व जाळतात. यास राब भाजणें म्हणतात. त्यामुळें तणाचें बीं जळतें, राखेचें खत मिळतें आणि रोप जोमानें वर येतें. या डहाळ्यांसाठीं ऐनाच्या झाडांवर चढावें लागतें. इंग्रजी अमदानींत जंगल खात्यानें जंगलाच्या वापरावर निर्बंध घातले, तेव्हां ठाणें आणि कुलाबा या जिल्ह्यांतील लोकांचीं गाऱ्हाणीं एवढीं वाढलीं, कीं सरकारला 1885 सालीं एक चौकशी-मंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल 1887 सालीं निघाला, आणि राबाचा प्रश्न त्यांत मोठाच होता. राबासाठीं तोडलेला ऐन दिसावयास सुंदर नसतो, हें मी कबूल करतों. खांबाला झुपके फुटावे तसा तो दिसतो. त्या तोडीचा गुणगौरव करण्यासाठीं मी हें सांगत नाहीं. पण तोडणाऱ्यास पुढल्या वर्षीं त्याच झाडापाशीं यावयाचें असतें, ही गोष्ट महत्त्वाची आहे. म्हणून तो शेंडा राखतो, झाडाच्या चारी बाजूंस फिरतो, आणि फांदीवर बसून, जवळून पाहून घाव घालतो. झाड मेलें तर त्याचें स्वतःचें नुकसान होतें.

शहरांतील गाडीचें तसें नाहीं. ती रस्त्यावर उभी राहते, म्हणजे झाडाच्या एकाच बाजूस उभी राहते. तिचा हात जेथवर पोंचतो, तेथवरच्याच फांद्या जातात. नेहमीच्या लहान गाडीचा हात दहा-बारा मीटरपर्यंत जातो; पर्जन्यवृक्ष वीस मीटरांहूनहि उंच होतो. जुन्या गाडीचा हात तर पुरता उलगडावयासहि भीत असतो, म्हणून चालक तो अर्ध्यावरच थांबवितो. परिणाम असा होतो, कीं रस्त्याकडची बाजू मोकळी होते, आणि घरांकडील बाजूचा भार तसाच राहतो. वर्षानुवर्षें असें झालें, म्हणजे झाड एका अंगास कलतें. त्यांतच मुळांशीं फरसबंदी किंवा काँक्रीट केलेलें असतें, गटारासाठीं आणि केबलींसाठीं चर खणतांना मुळें तोडलेलीं असतात. मग जुलैच्या एखाद्या रात्रीं झाड मोटारीवर किंवा माणसावर कोसळतें, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत पावसाचें नांव येतें.

फांदी कोठें तोडावी, यालाहि शास्त्र आहे. अमेरिकेच्या वनखात्यांत अ‍ॅलेक्स शायगो (1930–2006) नांवाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनीं साखळी-करवतीनें हजारों झाडें उभीं चिरून त्यांच्या आंतील जखमा पाहिल्या. त्यांच्यापूर्वीं सर्वांची अशी समजूत होती, कीं माणसाच्या कातडीप्रमाणें झाडाचीहि जखम भरून येते. शायगो यांनीं दाखवून दिलें, कीं ती भरून येत नाहीं. झाड त्या जखमेला कोंडतें. जखमेच्या भोंवतीं तें आपल्याच लाकडांत भिंती उभारतें, कुजका भाग त्या भिंतींच्या आंत बंद करतें, आणि बाहेरून नवें लाकूड वाढवितें. हा सिद्धांत त्यांनीं 1977 सालीं विस्तारानें मांडला. आपण लहानपणीं खोडावर कोरलेलें नांव म्हातारपणींहि झाडाच्या अंगांत असतें, मग तें बाहेरून दिसो वा न दिसो.

यांतून व्यवहारास उपयोगी अशी गोष्ट निघते. फांदी जेथें खोडास मिळते, तेथें सुजल्यासारखें एक वळें असतें. झाडाची भिंत उभारण्याची शक्ति त्या वळ्यांत असते. वळ्याच्या किंचित् बाहेर काप दिला, तर झाड जखम लवकर कोंडतें. खोडाशीं सपाट काप दिला, तर वळेंच जातें आणि खोडांत कूज शिरते. उलट हातभर खुंट ठेवला, तर तो खुंट कुजत आंत जातो. जड फांदीला तर तीन काप द्यावे लागतात. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूनें, अर्धवट; दुसरा त्याच्या थोडा पुढें, वरून, म्हणजे फांदी पडतांना साल ओरबाडली जात नाहीं; आणि उरलेल्या खुंटाचा तिसरा काप वळ्यापाशीं. शेंडा तोडून झाड बुटकें करणें हें तर सर्वांत वाईट. तेथें जे झुपके फुटतात ते वरच्या सालीपाशींच चिकटलेले असतात, आणि मोठे झाले म्हणजे वाऱ्यानें मोडतात. म्हणजे धोका टाळण्यासाठीं केलेली तोडच पांच वर्षांनीं धोका होऊन बसते.

आतां विचार करा. हे तीन काप देण्यासाठीं माणसाला फांदीच्या मुळाशीं, योग्य बाजूनें, स्थिर उभें राहतां आलें पाहिजे. पाळणा हलत असेल, हात पुरत नसेल, चालक ‘लवकर, लवकर’ म्हणत असेल, तर तो हाताला लागेल तेथें करवत चालविणार. गाडी म्हातारी झाली, कीं तिचे हाल झाडाला भोगावे लागतात, तें असें.

या गाडीचें अंतरंग समजावयास कठीण नाहीं. फ्रान्समध्यें सतराव्या शतकांत पास्कल नांवाचा गणिती होऊन गेला. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला, तर तो दाब सर्व बाजूंस सारखाच पोंचतो, हा त्याचा नियम आम्ही शाळेंत पिचकाऱ्या जोडून शिकवीत असूं. लहान पिचकारीच्या दट्ट्याचें क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर आणि मोठीच्या दट्ट्याचें पन्नास, असें असेल, तर एक किलोच्या जोरानें पन्नास किलो वजन उचललें जातें. मात्र तें पन्नास पटींनीं हळू उचललें जातें. गाडींत इंजिनाच्या जोरावर एक पंप चालतो. तो तेल दाबून लोखंडी नळकांड्यांत भरतो, दट्टे सरकतात, आणि हात उलगडतो. तेलाची नळी फुटली तर पाळणा धाडकन् खालीं येऊं नये, म्हणून नळकांड्याच्या तोंडाशीं तेल अडविणारी झडप असते. इंजिन बंद पडूनहि माझा विद्यार्थी खालीं आपटला नाहीं, तो या झडपेच्या पुण्याईनें. हा यांत्रिक हात मूळचा फळबागेंतला म्हणतात. कॅलिफोर्नियांत जे आयटेल नांवाच्या गृहस्थानें 1944 सालीं चेरीचीं फळें तोडतांना शिड्या सरकवून कंटाळल्यामुळें त्याची कल्पना काढली. पुढें तो विजेच्या कंपन्यांनीं उचलला.

अशी गाडी म्हातारी कशी होते? आपण मोटारीचें वय मैलांवर मोजतों. पण ही गाडी मैल फार तोडीत नाहीं. ती सकाळीं दोन-तीन मैल जाते आणि दिवसभर एका जागीं उभी राहून इंजिन चालवीत बसते. मैलदर्शक कांटा तरुण राहतो आणि इंजिन झिजतें. नळकांड्यांतील रबरी कड्या कडक होऊन तेल गळतें. सांध्यांतील खिळे ढिले होतात. जोडकामांत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. विजेच्या तारांजवळ काम करणाऱ्या चांगल्या गाडीचा हात कांचतंतूच्या वीजरोधक पदार्थाचा असतो. त्यावर धूळ, तेल आणि ओल सांचली, म्हणजे ती रोधकशक्ति कमी होते. आपल्या रस्त्यांवरून 11 हजार व्होल्टांच्या तारा जातात, हें लक्षांत घेतलें म्हणजे पाळण्यांतील माणसाच्या जिवाची किंमत कळते. म्हणून अशा गाडीचें वय वर्षांवर किंवा मैलांवर न मोजतां, यंत्र किती तास चाललें त्यावर मोजावें, आणि वर्षांतून एकदां तरी हात पूर्ण उलगडून, वजन टांगून परीक्षा घ्यावी, असें मला वाटतें.

परंतु सरकारनें वयाचा हिशेब वर्षांवरच केला आहे. केंद्र सरकारनें 2023 सालच्या जानेवारींत नियम काढला, कीं 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द व्हावी. त्यांत केंद्र आणि राज्य सरकारें, महानगरपालिका व नगरपालिका, एस. टी. सारखीं परिवहन मंडळें, हीं सर्व आलीं. देशाच्या संरक्षणासाठीं आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीं वापरल्या जाणाऱ्या खास गाड्यांना तेवढी सूट दिली. झाडांच्या गाडीस सूट नाहीं. अशी गाडी लिलावांत कोणासहि विकून चालत नाहीं. 2021 च्या नियमांप्रमाणें नोंदलेल्या मोडकेंद्रांतच ती मोडीत काढावी लागते. मला हा नियम बोथट वाटतो. कारण नीट राखलेली वीस वर्षांची गाडी, हयगय केलेल्या आठ वर्षांच्या गाडीपेक्षां सुरक्षित असूं शकते, आणि पंधरा वर्षांचा आंकडा डोळ्यांसमोर ठेवून मधल्या काळांत तिची परीक्षा घेण्याचें कोणी मनावर घेत नाहीं. तरीहि या नियमामुळें शहरोशहरीं ज्या गाड्या कोणी कधीं बदलल्या नसत्या, त्या बदलाव्या लागत आहेत. जुनें इंजिन जाऊन 2020 पासून लागू झालेल्या भारत-सहा मापाचें इंजिन येतें, आणि दिवसभर एका जागीं उभें राहून धूर सोडणारी गाडी घरांच्या खिडक्यांखालून जाते, हाहि लाभ लहान नव्हे.

येथें आमच्या तालुक्यांचा संबंध येतो. पूर्वीं शहरांनीं टाकून दिलेल्या लॉऱ्या लिलावांतून आमच्याकडे येत. शहापुराकडे वीटभट्ट्यांवर, मुरबाडकडे गवताच्या गंजींपाशीं मीं अशा कितीतरी लॉऱ्या पाहिल्या आहेत. दारावरील नगरपालिकेचें नांव रंगाखालून अर्धवट दिसत असे. एक लॉरी तर गवत भरून उलट त्याच शहराच्या तबेल्यांकडे जात असे. मुंबईला आमच्या शहापूर तालुक्यांतून तानसाचें पाणी 1892 पासून जातें, भातसाचेंहि जातें. आणि मुंबईकडून आम्हांस काय येतें, असें मुलांनीं विचारलें तर मी थट्टेनें त्या लॉरीकडे बोट दाखवीत असें. आतां तो ओघ बंद होईल, हें चांगलेंच झालें. पण शहापूर आणि मुरबाड या गांवांना आतां नगरपंचायती आहेत. त्यांच्या हद्दींतहि झाडें आहेत, तारा आहेत, बाजाराच्या दिवशीं झाडाखालीं माणसें आहेत. नवी गाडी घेण्याची ऐपत या नगरपंचायतींना कोठून असणार? मला तर वाटतें, दोन-तीन गांवांनीं मिळून एक गाडी ठेवावी. मे महिन्यांत ती एका गांवीं पंधरा दिवस, दुसऱ्या गांवीं पंधरा दिवस फिरावी. पूर्वीं मळणीचें यंत्र असेंच गांवोगांव फिरत असे, तेव्हां यांत नवें कांहींच नाहीं.

झाडांच्या बाजूनें कायदा बराच आहे. शहरांसाठीं 1975 चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. त्याप्रमाणें परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं आणि वृक्षगणना करावी लागते. गांवांसाठीं 1964 चा वृक्षतोडीचा निराळा कायदा आहे. 2021 सालच्या दुरुस्तीनें शहरी भागांत पन्नास वर्षें वा अधिक वयाचें झाड ‘वारसा वृक्ष’ ठरलें, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकीं नवीं झाडें लावण्याची अट आली. मुंबईंत 2018 च्या वृक्षगणनेंत सुमारें 29 लाख 75 हजार झाडें मोजलीं गेलीं, आणि त्यांपैकीं पावणेदोन लाखांहून अधिक रस्त्यांच्या कडेचीं होतीं. पन्नास वर्षांच्या त्या झाडानें पंधरा-पंधरा वर्षांच्या तीन गाड्या पाहिल्या. प्रत्येक गाडीबरोबर नवा चालक आला, नवी करवत आली, आणि झाडाच्या अंगावरील जुने काप मात्र सर्व हिशेब ठेवून बसले आहेत. गाडी खरेदी करतांना तिच्याबरोबर कापणाऱ्याच्या शिक्षणाचा खर्च धरला जात नाहीं, ही माझी खरी तक्रार आहे. गाडी ही वस्तु आहे. तिचें पत्रक निघतें, निविदा निघतात, फीत कापली जाते. शिक्षणाची फीत कापतां येत नाहीं, म्हणून कदाचित् तें राहून जात असावें.

छाटलेल्या फांद्यांविषयीं एक वाक्य बोलून पुढें जातों. त्या जाळूं नयेत. बारीक भुगा करून झाडाच्याच आळ्यांत पसराव्या. राब भाजणाऱ्या मुलुखांतील मनुष्य हें सांगतो म्हणून हंसूं नका. भाताच्या रोपास राख लागते, रस्त्याच्या झाडास ओल लागते.

तो माझा विद्यार्थी गेल्या वर्षीं दिवाळींत गांवीं आला होता. त्याच्याकडे नवी गाडी आली आहे. पांढरी शुभ्र, हात लांब, पाळण्यांतूनच चालवितां येईल असे खटके. मीं विचारलें, “अरे, ही चालवावयास तुला कोणी शिकविलें कीं नाहीं?” तो म्हणाला, “आले होते गुरुजी कंपनीकडचे. दीड तास खटके दाखवले. फांदी कुठं कापायची तें विचारलं, तर म्हणाले तें आमच्याकडे नाहीं.” मग मीं अंगणांतल्या आंब्यापाशीं त्यास नेलें आणि फांदीच्या मुळाचें वळें बोटानें दाखविलें. त्यानें त्यावर हात फिरविला, आणि म्हणाला, “हें तर बा पण सांगायचा, गांठ सोडून कापावं.” शायगो यांनीं हजारों झाडें चिरून जें पाहिलें, तें त्याच्या बापाला ऐनावर चढून कळलें होतें. मीं त्यास एवढेंच सांगितलें, कीं नव्या गाडींतहि हातपंपाचा दांडा आहे कीं नाहीं तें रोज सकाळीं पाहत जा.

“दांडा आहे,” तो म्हणाला, “आणि दोरहि मीं पाळण्यांत ठेवलाय.”